पहिली वेगवान गाडी सेकंडहँड घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोविसाव्या वर्षी मी जुनी अबार्थ पुंटो घेतली. तेव्हापासून ओळखीतली, ओळखीच्यांच्या ओळखीतली पोरं रविवारी सकाळी फोन करतात, "दादा, एक गाडी बघायला येशील का?" मी जातो. पुणे, पिंपरी-चिंचवड, एकदा तर थेट साताऱ्यापर्यंत. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतोय.

स्पोर्ट्स कार म्हणजे नेमकी कोणती गाडी धरायची?

दोन सीटची, छप्पर उघडणारी, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी आपल्याकडे विशी-पंचविशीतल्या पोराच्या हाताला लागणं अवघड. तशा गाड्या इथे फार विकल्याच गेल्या नाहीत. विकल्या गेल्या त्या बहुतेक आयात झालेल्या, आणि त्यांचे सुटे भाग आजही आयातच करावे लागतात. म्हणून मी इथे प्रामुख्याने बोलणार आहे ते टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा) असलेल्या पेट्रोल हॅचबॅक आणि सेडानबद्दल: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, फियाट अबार्थ पुंटो, स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

मला या तिघींचं एक अप्रूप आहे. पोलो चाकणची, अबार्थ रांजणगावची आणि ऑक्टाव्हिया संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याची. आपल्या पोरांनी ज्यांची पोस्टरं खोलीत लावली त्या गाड्या आपल्याच एमआयडीसीत जुळल्या आहेत. अपवाद २०२० च्या ऑक्टाव्हिया आरएस २४५ चा. ती पूर्ण बांधलेली आयात झाली होती आणि देशात फक्त २०० आल्या.

मग या तिघींपैकी कोणती घेऊ?

पहिलीच वेगवान गाडी असेल आणि रोजचं चालवणं शहरात असेल तर पोलो. पण कोणती पोलो, हे बघा. २०१३ ला आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटरचं इंजिन आहे, १०५ पीएस (ताकदीचं माप, जवळपास बीएचपीइतकंच) आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्कचं (चाकं फिरवणारा जोर). त्याला जोडलेला सात गिअरचा डीएसजी हा दोन क्लचचा ऑटोमॅटिक, तोही कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे, आणि तो जगभर मुख्यतः एका कारणाने बदनाम आहे. त्याचा मेंदू, म्हणजे मेकाट्रॉनिक युनिट, जातो. पहिल्याचा दुसरा गिअर पडताना गाडी थरथरली, रिव्हर्स टाकल्यावर क्षणभर काहीच झालं नाही, किंवा डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकली, तर विक्रेता "सगळ्या पोलो अशाच असतात" म्हणेल. ऐकू नका. हे काम निघालं की खर्च लाखाच्या घरात जातो. शिवाय या इंजिनाची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर हीसुद्धा माहीत असलेली दुखरी जागा आहे. थंड इंजिन सुरू करताना सुरुवातीचे दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला, तर ती गाडी सोडा.

२०२० मध्ये पोलोला १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय आलं, ११० पीएसचं, आणि ऑटोमॅटिकला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद देणारा गिअरबॉक्स. आवाज पूर्वीइतका गोड नाही, पण झोपेची हमी जास्त आहे. बजेट पोचत असेल तर मी हीच सुचवतो, त्यातही मॅन्युअल. पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पण रस्त्यावर तिची संख्या मोठी आहे आणि सुटे भाग कुठेही मिळतात.

अबार्थ ही वेगळीच चीज आहे. २०१५ ला आली, १.४ लिटरचं टी-जेट इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क, फक्त मॅन्युअल. स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, जड आणि जिवंत. रस्त्यावरचा खडा न् खडा हाताला कळतो. पण फियाटने २०१९ पर्यंत भारतातला पुंटोचा संसार आवरता घेतला, तेव्हा सुटे भाग शोधायची तयारी हवी. इंजिनाचं बरंचसं लिनिया टी-जेटशी जुळतं, सस्पेन्शनचं बरंचसं साध्या पुंटोशी, म्हणून काम अडत नाही, थांबतं. एखादा भाग यायला तीन आठवडे लागले तर ऑफिसला जायला दुसरी सोय आहे का, ते आधी ठरवा. आणि तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं घसरताना ताकद आपोआप कमी करणारी सोय, नाही. पावसाळ्यात दुसऱ्या गिअरला पूर्ण पॅडल दाबलंत तर पुढची चाकं फिरणार आणि स्टेअरिंग हातातून ओढलं जाणार. नवख्याने हे मोकळ्या जागेत, कमी वेगात समजून घ्यावं, घाटात नव्हे.

२०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, २.० लिटर आणि २३० पीएस, ही तिघींत सगळ्यात पूर्ण गाडी. गिअरबॉक्स तेलात बुडालेल्या क्लचचा, पोलोच्या डीएसजीपेक्षा पुष्कळ सोशिक. फक्त त्याचं तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं हवं, आणि त्याचं बिल दिसायला हवं. कूलंट कमी होतंय का तेही बघा, कारण पाण्याच्या पंपाचं आणि थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं घर गळण्याची सवय या इंजिनांना आहे. पण बावीस-तेवीस वर्षांच्या आणि पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या कुणाला मी २३० पीएस सुचवणार नाही. आधी दोन पावसाळे कमी ताकदीच्या गाडीवर काढा.

त्याच पैशात जुनी ऑडी टीटी किंवा मर्सिडीज एसएलके मिळतेय. घेऊ का?

नको.

जरा समजावून सांगतो. पन्नास लाखांची गाडी पंधरा वर्षांनी बारा लाखांना मिळते, पण तिचे भाग अजून पन्नास लाखांच्या गाडीच्याच भावाने येतात. डिस्क, बुश (सांध्यांतली रबरं), सेन्सर, हेडलाइट यांना कुणी सेकंडहँड भाव लावत नाही. एसएलकेचं घडी होणारं लोखंडी छप्पर अर्ध्यात अडकलं आणि वर पाऊस आला, तर एका पंपासाठी महिनाभर थांबावं लागेल. अशी गाडी घेणाऱ्याकडे तिच्या किमतीइतकेच पैसे आणखी बाजूला पडलेले असावेत. तुमच्याकडे तेवढे असतील तर हा प्रश्न तुम्ही विचारला नसता.

एकूण बजेट कसं मांडू?

हातात सहा लाख असतील तर साडेचारची गाडी बघा. उरलेल्या दीड लाखात नावावर करण्याचा खर्च, इन्शुरन्स, चार टायर, टायमिंग बेल्टचं पूर्ण किट आणि सस्पेन्शनचे बुश बसतील, आणि काहीतरी अचानक निघेल त्यालाही जागा राहील. सगळे सहा गाडीतच घातलेत तर पहिलं बिल क्रेडिट कार्डवर जातं, आणि तिथून गाडीचा आनंद आटायला लागतो. मी हे तीन-चार पोरांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय. गाडी वाईट नव्हती, खिसा रिकामा होता.

महिन्याचा हिशेब सोपा आहे. महिन्याला ८०० किलोमीटर, शहरात १० चं अ‍ॅव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये धरलं तर ८० लिटरचे ८,४०० रुपये. टायर, सर्व्हिस, इन्शुरन्सचे मिळून महिन्याला आणखी चार-पाच हजार वेगळ्या खात्यात टाकत जा. ते पैसे खर्च होणारच आहेत, फक्त एकदम होणार आहेत.

कर्ज घेणार असाल तर जुन्या गाडीला व्याज नवीपेक्षा चढं लागतं आणि गाडीच्या वयानुसार मुदतही कमी मिळते, हे धरून चाला.

गाडी बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन थंड असताना बघायचं. एकदा सिंहगड रोडला एका मुलासोबत गाडी बघायला गेलो. मालकाने साडेआठला बोलावलं होतं, आम्ही साडेसातलाच पोचलो. बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसला. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी साडेसातला गरम का? मालक म्हणाला, दूध आणायला गेलो होतो. आम्ही चहा घेतला, दोन तास इकडेतिकडे काढले आणि परत येऊन चावी फिरवली. सायलेन्सरमधून निळसर धूर निघाला, पाच-सहा सेकंदच, मग साफ. इंजिन ऑइल जाळत होतं, आणि गरम इंजिनात ते कळलंच नसतं. निळा धूर म्हणजे ऑइल. पांढरा, गोडसर वासाचा आणि न थांबणारा धूर म्हणजे कूलंट. काळा म्हणजे जास्तीचं इंधन. थंडीत सकाळी थोडी पांढरी वाफ निघते, तिला घाबरू नका.

इंजिन थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडा. आतल्या बाजूला फेसाळ, दुधाळ चहासारखं काही दिसलं तर पाणी आणि ऑइल एकत्र झालंय.

मग टायर. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत असतात. ३२१६ असेल तर २०१६ सालातला ३२ वा आठवडा. माझ्या अबार्थला घेतली तेव्हा हेच टायर होते. नक्षी चांगली होती, गोटा झालेले नव्हते, म्हणून मी "अजून एक वर्ष चालतील" म्हणालो. वर्ष होतं २०२२. जूनमध्ये ताम्हिणीत पहिल्या पावसाला एका साध्या वळणावर, पन्नासच्याही खाली, गाडी सरळ निघाली. स्टेअरिंग वळलेलं, चाकं वळलेली आणि गाडी सरळ. कठड्यापासून दोन हातांवर थांबली. रबर सहा वर्षांत दगड होतं, नक्षी कितीही शिल्लक असो. चूक पूर्ण माझी होती. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चारही टायर बदलले, १९५/५५ आर१६. आता कुणाचीही गाडी बघायला गेलो की आधी टायरपाशी गुडघ्यावर बसतो.

रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका दरवाजावर ३०० आला तर डेंटिंग-पेंटिंग झालंय, हजाराच्या घरात गेला तर आत पुट्टी आहे. दरवाजाचं काम झालं म्हणून गाडी टाकायची नसते. पण छत, खांब आणि बॉनेटखालचे पुढचे दांडे यांना हात लागलेला असेल तर निघा. बॉनेटच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे आहेत का, तेही बघून घ्या.

शेवटी ओळखीचा मेकॅनिक आणि स्कॅनर. दोन-तीन हजार जातात, पण गिअरबॉक्सच्या आणि टर्बोच्या जुन्या तक्रारी बऱ्याचदा गाडीच्या संगणकात नोंदलेल्या सापडतात. सगळे एरर कालच पुसलेले दिसले, तर तीही माहितीच आहे.

मीटर मागे फिरवलंय का, हे कसं ओळखू?

आकड्यापेक्षा झिजेवर विश्वास ठेवा. ३५,००० चाललेल्या गाडीचं क्लचचं पॅडल गुळगुळीत झालेलं नसतं, स्टेअरिंगचं चामडं चकाकत नाही, चालकाच्या सीटची दाराकडची कड बसलेली नसते. इन्शुरन्सच्या पाहणीचे फोटो आणि सर्व्हिसची बिलं यांच्यावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. ती ओळीने लावा. एखाद्या बिलावरचा आकडा नंतरच्या आकड्यापेक्षा मोठा निघाला की पुढे बोलायचं काही राहत नाही.

पुरात बुडालेली गाडी?

हा प्रश्न आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे आणि लोक तो विसरतात. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर, २०२१ चा चिपळूण-महाडचा पूर आणि मुंबईचा दर दुसरा पावसाळा: यांतल्या गाड्या धुऊनपुसून दूरच्या शहरात विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पट्ट्याच्या त्या टोकाला कुणी साफ करायला जात नाही. तिथे मातीची आडवी रेघ दिसली की पाणी तिथवर चढलं होतं. सीटखालच्या रेलवरचा गंज, कार्पेट उचलल्यावरचा कुबट वास, फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यातला गाळ, हेसुद्धा बघा. आधुनिक टर्बो गाडीत इलेक्ट्रॉनिक्सचं जाळं असतं. पाणी लागलेली तार आज चालते आणि आठ महिन्यांनी तुटते. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

"रिमॅप केलीय, भन्नाट पळते" अशी जाहिरात आहे. फायदा की तोटा?

माझ्या मते तोटा. रिमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकाला जास्त टर्बो दाब मारायला सांगणं. पोलोचा तो कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे. रिमॅपने आकडा त्या रेषेजवळ नेला की झीज कोण भरणार? पुढचा मालक, म्हणजे तुम्ही. शिवाय ज्याने रिमॅप केलं त्याने ते गाडी हळू चालवायला केलेलं नसतं. मूळ अवस्थेतली, कंटाळवाणी वाटेल अशी गाडी शोधा.

कागदपत्रांत कशाला जास्त जपायचं?

टोकन देण्याआधी सरकारी वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाका. मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू आहे का, सगळं दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. वेगवान गाडीवर पंधरा-वीस चलनं साचलेली असणं अगदी नेहमीचं आहे, आणि ती भरायची कुणी हे व्यवहाराच्या आधी ठरलं पाहिजे.

बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि नमुना ३५ लागतो. नावावर करायला नमुना २९ आणि ३०. राज्य बदलत असेल तर नमुना २८ ची एनओसी. आरसी बुकावरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवून बघा, एजंटवर सोडू नका.

"नंतर करू ट्रान्सफर, आधी गाडी घेऊन जा" असं कुणी म्हणालं तर थांबा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की अपघात झाला तर ज्याचं नाव नोंदणीत आहे तोच कायद्याने मालक धरला जातो. म्हणजे घोळ विकणाऱ्याच्याही गळ्यात येतो, हे त्याला शांतपणे सांगितलंत की तोही कामाला लागतो.

आणखी दोन गोष्टी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे, बसवली नसेल तर तो खर्च भावातून कापा. आणि खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१३ ची पोलो २०२८ ला पुन्हा पासिंगला जाणार, पर्यावरण कर भरणार. त्या हिशेबाने भाव करा.

दिल्ली पासिंगची गाडी दीड लाखाने स्वस्त मिळतेय.

दिल्ली परिसरात १० वर्षांच्या पुढच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार अनेक वर्षं आहे, म्हणून तिथे जुन्या गाड्यांचा भाव पडतो. पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर एमएच नंबर घ्यावाच लागतो, आणि त्यासाठी गाडीच्या वयानुसार महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. जुन्या राज्यातला परतावा मिळवायला फेऱ्या वेगळ्या. ट्रकवरून आणण्याचं भाडं वेगळं. सगळं जोडलं की दीड लाखातलं फारसं हाती उरत नाही, आणि गाडीचा इतिहास ओळखणारं इथे कुणी नसतं.

माझं वय २२ आहे. इन्शुरन्स महाग पडेल का?

लंडनला असलेला माझा आतेभाऊ सांगतो की तिथे तरुण चालकाचा वर्षाचा हप्ता कधीकधी जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. आपल्याकडे खासगी गाडीचा हप्ता मुख्यतः इंजिनाची सीसी, गाडीची घोषित किंमत, शहर आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) यांवर ठरतो. थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा हप्ता तर सरकारच ठरवून देतं. २०२२ च्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६ रुपये, १५०० च्या वर ७,८९७, जीएसटी वेगळा. १.२ लिटरची पोलो आणि अबार्थ पहिल्या गटात बसतात, ऑक्टाव्हिया दुसऱ्यात. १.० लिटरची पोलो हजार सीसीच्या आत, म्हणजे त्याहून खालच्या गटात. म्हणजे १४५ बीएचपीच्या अबार्थला थर्ड पार्टी हप्ता साध्या १.२ लिटरच्या हॅचबॅकइतकाच. हे आपलं नशीब समजा.

लोक फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्यानेच तुमच्याकडे येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं येत नाही, आणि ते क्लेमच्या वेळीच कळतं. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं संरक्षण, बहुतेक ठिकाणी पाच वर्षांपर्यंतच्या गाडीला मिळतं, त्यापुढे विचारून बघा. बदल केलेले असतील तर लपवू नका.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने जुन्या टर्बो गाडीचं नुकसान होतं का?

एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या आहेत. इथेनॉल ओलावा धरतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. शिवाय त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. मी दोन गोष्टी करतो: गाडी टाकी भरून महिनोन्‌महिने उभी ठेवत नाही, आणि दर सर्व्हिसला इंधनाच्या नळ्या, जोड आणि सील हाताने तपासून घेतो. पेट्रोलचा जरासा वास आला तरी त्याच दिवशी गॅरेज.

सायलेन्सर बदलू का? काचा काळ्या करू का?

मनापासून सांगतो, नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. काळ्या फिल्मवरची बंदी तर २०१२ पासूनची. पण दंडाच्या पलीकडची गोष्ट सांगायची आहे. आमच्या सोसायटीत एक आजी दुपारी झोपायच्या. खालच्या मजल्यावरच्या मुलाच्या गाडीचा सायलेन्सर सुरू झाला की त्या दचकून उठायच्या, मग दिवसभर छातीत धडधड. तो मुलगा वाईट नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्याने त्याच आठवड्यात मूळ सायलेन्सर परत बसवला. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगले ब्रेक पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि उत्तम टायर घ्या. गाडी खरोखर वेगवान त्यांनी होते.

वेगात चालवायची हौस कुठे भागवू?

रस्त्यावर नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावरही मोटारीला १०० ची मर्यादा आहे, घाटात ६० ची, आणि आता दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेगही मोजतात. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला मध्यरात्री एका अल्पवयीन मुलाच्या हातातल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मी त्या रस्त्याने अनेकदा जातो, आणि दर वेळी ते दोघं आठवतात. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर चौपट होतं. १०० च्या वेगात तुम्ही डोळे मिचकावून पाय ब्रेकवर नेईपर्यंतच गाडी अठ्ठावीस मीटर गेलेली असते. समोरच्या माणसाला हे गणित माहीत नसतं. तो फक्त रस्ता ओलांडत असतो.

हौस खरी आहे, ती दाबू नका. कोल्हापूरला मोहिते रेसिंगचा कार्टिंग ट्रॅक आहे. वेगात रेषा कशी धरायची, ब्रेक कधी सोडायचा, हे कार्टमध्ये जितकं पटकन कळतं तितकं कुठेच नाही. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला आणि कोइम्बतूरला कारी स्पीडवेवर पूर्ण ट्रॅक आहेत, तिथे ट्रॅक डे होतात. शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, हे तेवढं ध्यानात ठेवा.

बाकी संध्याकाळी उन्हं उतरताना आंबोलीला जा. साठच्या आत तिसऱ्या गिअरवर, काच खाली करून. अबार्थसारखी गाडी तिथेच सगळ्यात जास्त बोलते.

घरचे तयार नाहीत. कसं पटवू?

पटवू नका, बरोबर न्या. आईला किंवा बाबांना गाडी बघायला घेऊन जा आणि वर लिहिलेला खर्चाचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. त्यांची भीती गाडीची नसते, तुमची असते. बाबांना शेजारी बसवून शंभर किलोमीटर नीट चालवलंत तर त्यातली अर्धी जाते. आणि धाकट्या भावंडांचं लायसन झालेलं नसेल तर चावी कपाटात, कुलपात. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडी घरी आणली. पहिल्या महिन्यात काय करू?

इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला, मालकाने "गेल्याच महिन्यात केलंय" म्हटलं तरी. बिल नसेल तर काम झालेलं नाही असं धरा. अबार्थचा टायमिंग बेल्ट कधी बदलला ते माहीत नसेल तर लगेच बदला. बेल्ट तुटला की इंजिन उघडावं लागतं. टर्बोला जपा: इंजिन तापल्याशिवाय ताणू नका, आणि जोरात चालवून आलात की बंद करण्याआधी मिनिटभर तसंच सुरू राहू द्या. पोलोच्या डीएसजीवर ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकू नका, पुढे जागा होऊ द्या आणि मग जा.

आणि एक वही करा. माझी गाडी साताऱ्याच्या एका बँकेतल्या काकांची होती. व्यवहार झाल्यावर त्यांनी चावीबरोबर शंभर पानी वही दिली. प्रत्येक पेट्रोल, प्रत्येक सर्व्हिस, तारीख, किलोमीटर, निळ्या शाईत. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं: "डावीकडच्या पुढच्या टायरची हवा हळूहळू उतरते. चारही टायर पावसाआधी बदलावेत." मी ते ताम्हिणीहून आल्यानंतर वाचलं. त्याच्या खालची पहिली ओळ माझ्या अक्षरात आहे: तारीख, किलोमीटर, चार नवे टायर.